३.१ की ३.४? भावाचा आकडा आणि तुमची पाठ

पत्र: बरीच वर्षं एकच पेट्रोल हॅचबॅक चालवतेय. आता इलेक्ट्रिक घ्यायचं ठरवलंय आणि यादी गाळता गाळता दोन गाड्या उरल्यात: टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स आणि ह्युंदाई आयोनिक ५ एन. दोन्ही चालवून पाहिल्या. धाकटा भाऊ म्हणतो, यात विचार कसला करायचा? टेस्ला शून्य ते शंभर ३.१ सेकंदांत जाते, ह्युंदाई ३.४ मध्ये, विषय संपला. मला मात्र चालवताना आयोनिकच जास्त जोरात वाटली. तसं म्हटलं की तो हसतो. त्याच्या मित्राचं वेगळंच, म्हणे इलेक्ट्रिक गाड्या दोन-तीनदा जोरात पळवल्या की दमतात. आणि आईला मागच्या सीटवर मळमळलं, कुठल्या गाडीत विचारलं तर म्हणते दोन्हीत. मला लांबचे प्रवास बऱ्यापैकी असतात, ट्रॅकवर एकदा तरी जायची हौस आहे. खरं कोण बोलतंय, आकडा की माझी पाठ? – गोंधळलेली ताई

उत्तर:

नमस्कार ताई,

भावाला थोडं हसू द्या, कारण त्याच्या आकड्याची तळटीप त्याने वाचलेली दिसत नाही. तुमची पाठही खोटं बोलत नाहीये. फक्त तिला जे कळलं ते ‘किती सेकंद’ या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण भांडण सगळं आकड्यावर उभं आहे, तेव्हा आधी तोच सोलून बघू.

टेस्ला आपल्या परफॉर्मन्स गाड्यांच्या वेळेखाली बारीक अक्षरांत लिहिते की यातून ‘रोलआउट’ वजा केला आहे. ही अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगची, म्हणजे सरळ पट्ट्यावर उभ्यापासून सुटायच्या शर्यतींची, जुनी रीत. तिथे सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशाचा किरण असतो आणि पुढचं चाक तो अडवून उभं असतं. गाडी सुटली, चाक पुढे सरकलं आणि किरण मोकळा झाला की घड्याळ चालू होतं. तोवर गाडी साधारण एक फूट पुढे गेलेली असते. हा एक फूट फुकटात. एक फूट म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण उभ्या गाडीला पहिला फूटच सगळ्यांत जड जातो. गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने, म्हणजे एक जीने, सुटलेल्या गाडीलाही ते ३० सेंटिमीटर कापायला पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात तिचा वेग ताशी ९ किलोमीटरच्या आसपास गेलेला असतो. म्हणजे ती शर्यत शून्य ते शंभर नाहीच, नऊ ते शंभर आहे. हा पाव सेकंद परत मिळवा, ३.१ चे ३.३५ होतात.

ह्युंदाईच्या ३.४ ची अट निराळी. आयोनिक ५ एनच्या दोन मोटर्स मिळून एरवी ४४८ किलोवॅट देतात. स्टिअरिंगवरचं एन ग्रिन बूस्टचं बटण दाबलं की १० सेकंदांपुरते ४७८ किलोवॅट मिळतात आणि ३.४ हा आकडा या बूस्टसकटचा आहे. तुम्ही ते बटण दाबलं होतं का? पत्रात तसं काही नाही, आणि टेस्ट ड्राइव्हला शेजारी बसलेली शोरूमची माणसं सहसा ते दाबायला सुचवत नाहीत. न दाबता तुम्हाला ती जोरात वाटली असेल, तर तुमच्या पाठीची गोष्ट आणखी रंजक होते.

थोडक्यात, ३.१ आणि ३.४ यांची वजाबाकी भावाने केली खरी, पण दोन वेगळ्या मापांमधून. एकाच मापाने मोजलं तर उरेल तो फरक डोळ्याची पापणी लवण्याहूनही लहान. तो कुठल्याही दिवशी टायरचं तापमान, बॅटरीतला चार्ज आणि रस्त्याचा किंचित उतार यांत गडप होईल. अमेरिकी आणि युरोपीय आकडे एकत्र वाचताना आणखी एक खोच असते. तिकडे शून्य ते साठ मैल मोजतात आणि साठ मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर. राहिलेल्या साडेतीन किलोमीटरच्या वेगासाठी अशा गाड्यांनाही दहावा भाग सेकंद लागतो. परिषदा भरवून भांडणारे लोक या दहाव्या भागासाठी मैत्री तोडतात, हे मी पाहिलं आहे.

आता पाठ. आपल्या शरीराला वेग कळतच नाही. ताशी ८०० किलोमीटरने जाणाऱ्या विमानात आपण पेपर वाचत बसतो. शरीराला कळतं ते त्वरण, आणि त्याहूनही जास्त कळतं त्वरणात अचानक होणारा बदल. म्हणजे धक्का. टेस्लाचा जोर पहिल्या क्षणी येतो आणि मग एका सलग रेषेत राहतो. गिअर नाहीत, आवाज नाही, मध्ये काही तुटत नाही. पहिल्या सेकंदानंतर कान आणि पाठ दोघांनाही त्याची सवय होते. आयोनिक ५ एनमध्ये ह्युंदाईने याच्या नेमकं उलट करून ठेवलंय. एन ई-शिफ्ट ही सोय चालू असेल तर ती आठ गिअरच्या ड्युअल क्लच (झटपट आपोआप गिअर बदलणाऱ्या) पेट्रोल गाडीचं सोंग आणते. खोटा गिअर बदलताना मोटरचा जोर क्षणभर मुद्दाम कमी करते आणि पुन्हा सोडते. स्पीकरमधून टर्बो पेट्रोल इंजिनाचा आवाज चढतो, शिफ्टला फटाक्यासारखा तडकतो. प्रत्येक खोट्या गिअरला पाठीला नवा धक्का. प्रत्यक्षात जोर तोडल्याने गाडी तेवढी हळूच होणार, पण तुम्हाला वाटणार उलट. शिवाय तुम्ही वर्षानुवर्षं पेट्रोल गाडी चालवलीत, इंजिन ओरडलं म्हणजे गाडी पळतेय हा हिशोब तुमच्या अंगात मुरलेला आहे. आयोनिकची सीट मॉडेल ३ पेक्षा उंच, त्यामुळे गाडीचं नाक उचललेलं आणि दाबलेलंही जास्त जाणवतं.

म्हणून सोंग बंद करून ती पुन्हा चालवा. आवाज बंद, ई-शिफ्ट बंद. तरीही आवडली तर गाडी आवडली. नाही आवडली तर नाटक आवडलं होतं. नाटक आवडणं गुन्हा नाही हं, मलाही ते छान वाटतं. मात्र कशासाठी घेतोय हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

तुम्ही ज्यात रमणार आहात तो सुरुवातीचा धक्का दोन्ही गाड्यांमध्ये एकाच कारणाने येतो आणि एकाच कारणाने ओसरतो. दोन्हींना गिअर एकच. इलेक्ट्रिक मोटर थांबलेल्या अवस्थेपासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देते आणि एका ठरावीक वेगापर्यंत तो कायम ठेवते. त्यानंतर शक्तीची मर्यादा लागते. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. शक्ती तीच राहिली आणि वेग दुप्पट झाला की चाकावरचा जोर निम्मा. म्हणून शहरातल्या सिग्नलवर जी गाडी सीटमध्ये रुतवते तीच १२०–१३० च्या पुढे अगदी सभ्य होते. पोर्शेने टायकानच्या मागच्या मोटरला दोन गिअर दिले ते याचसाठी: एक सुटायला, एक वर पळायला. तुमच्या यादीतल्या दोघींनी तो खटाटोप केलेला नाही आणि रोजच्या वापरात त्याची उणीव भासणारही नाही.

आणि खाली, सुरुवातीला, मोटर किती ताकदवान आहे याला एका मर्यादेनंतर अर्थच राहत नाही. तिथे टायर ठरवतो. शंभरचा वेग म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. तो ३.४ सेकंदांत गाठायचा तर सरासरी ०.८३ जी लागतो, आणि चांगल्या टायरची कोरड्या डांबरावरची पकड साधारण एक जीच्या आसपास असते. म्हणजे दोघीही छताला डोकं टेकवून उभ्या आहेत. पाऊस पडून पकड ०.६ वर आली की चारही चाकं ओढणारी कुठलीही गाडी, मोटर कितीही मोठी असो, ४.७ सेकंदांच्या आत शंभर गाठू शकत नाही. चार नवे, चांगले टायर हा या वर्गातल्या गाडीचा सगळ्यांत मोठा परफॉर्मन्स पार्ट आहे आणि लोक नेमके तेच दुसऱ्यांदा घेताना स्वस्तातले घेतात. गंमत म्हणजे १९९० च्या दशकात सगळ्यांत वेगवान म्हणून मिरवणाऱ्या मॅक्लारेन एफ१ ला साठ मैल गाठायला ३.२ सेकंद लागत. तुम्ही ज्या दोन गाड्यांमध्ये अडकला आहात त्यांत मागे तीन माणसं आणि डिकीत सामान बसतं. तेव्हा पिकअप पुरेल का, ही चिंता सोडाच.

भावाच्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तुमच्या ट्रॅकच्या हौसेसाठी हाच मुद्दा महत्त्वाचा. ८४ किलोवॅट-तासांची बॅटरी ४७८ किलोवॅटने उपसत राहिलात तर ती साडेदहा मिनिटांत रिकामी होईल. एवढ्या वेगाने वीज काढली की सेल तापतात, मोटर तापते, बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर तापतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. तापमान ठरावीक रेषेच्या वर गेलं की गाडीचं सॉफ्टवेअर शक्ती कमी करतं. मित्र यालाच दमणं म्हणत असावा. पण हे सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांचं प्रारब्ध नाही, ते थंड ठेवण्यावर किती मेहनत घेतली त्यावर ठरतं. २०१९ मध्ये पोर्शेने टायकान बाजारात आणण्याआधी जर्मनीतल्या लार इथल्या धावपट्टीवर ती लागोपाठ २६ वेळा शून्य ते दोनशे पळवून दाखवली. सगळ्यांत जलद आणि सगळ्यांत संथ धावेत ०.८ सेकंदांचा फरक पडला. वेगापेक्षा ही सातत्याची जाहिरात होती आणि मला ती शून्य ते शंभरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त पटली.

तुमच्या यादीतल्या दोघींपैकी आयोनिक ५ एन या बाबतीत जास्त तयारीची आहे. तिची विद्युत व्यवस्था ८०० व्होल्ट वर्गातली, त्यामुळे तेवढ्याच शक्तीला तारांमधून प्रवाह कमी लागतो. बॅटरी आधीच योग्य तापमानाला आणून ठेवायची सोय आहे आणि तिथे विचारलं जातं की बाबा, एकदाच सुटायचंय की ट्रॅकवर फेऱ्या मारायच्यात. एकाच जोरदार धावेसाठी बॅटरी उबदार हवी, कारण गार सेल वीज सोडायला कंजूषपणा करतात. फेऱ्या मारायच्या तर सुरुवात गार हवी, म्हणजे तापायला जागा राहते. ह्युंदाईने ही गाडी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफ या ट्रॅकवर शक्ती न गमावता दोन फेऱ्या मारू शकेल अशी बांधल्याचं सांगितलंय. पुढच्या ब्रेक डिस्क ४०० मिलिमीटरच्या, आणि मोटरच्या उलट्या जोरानेच ती ०.६ जीपर्यंत वेग मारू शकते, म्हणजे ब्रेक पॅडना फार कमी काम उरतं. मॉडेल ३ परफॉर्मन्सलाही ट्रॅक मोड आहे, तोही थंडाव्याची व्यवस्था आधीच जोरात सुरू करतो. शिवाय तिचं वजन आयोनिकपेक्षा तीनशेहून अधिक किलोंनी कमी, आणि वळणावर व ब्रेकिंगला हे वजन प्रत्येक वेळी हिशोब मागतं. तरी दिवसभर ट्रॅकवर राहायचं तर मी आयोनिकची किल्ली मागेन.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण तुम्ही आजवर जी गाडी चालवलीत तिला शंभर गाठायला या दोघींच्या तिप्पट वेळ लागत असावा. शंभरवरून एक जीने ब्रेक मारला तर गाडी साधारण ३९ मीटरवर थांबते. १४० वरून तीच गाडी ७७ मीटर खाते. नव्या गाडीत शंभरचे १४० होतात ते तुमच्या लक्षात येण्याआधी, कारण सांगायला आवाज नाही. पहिले काही आठवडे सौम्य मोडमध्येच चालवा. भावाला किल्ली देतानाही तोच मोड ठेवा, हे जरा ठणकावून सांगतोय.

दोघींची खरी तुलना करायची तर दुसरी टेस्ट ड्राइव्ह मागा आणि अटी तुम्ही ठरवा. पहिल्या वेळी एक गाडी ९० टक्के चार्जवर आणि दुसरी ३५ टक्क्यांवर असेल, तर तुम्ही गाड्या नव्हे, चार्ज चालवून आलात. चार्ज उतरतो तसं बॅटरीचं व्होल्टेज उतरतं आणि त्यासोबत शक्तीही. दोन्हींत चार्ज पन्नास-साठ टक्क्यांच्या आसपास असू द्या, दोन्ही नॉर्मल मोडवर, वातानुकूलन चालू, सोबत माणसं बसलेली. तुम्ही जशी रोज वापराल तशी. उभ्यापासून सुटणं विसरा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ६० च्या सलग वेगात असताना ओव्हरटेकसाठी दाबता तसं दाबा आणि शंभरपर्यंत बघा. पेडल दाबल्यापासून गाडी हलेपर्यंत किती उशीर वाटतो, अर्धं पेडल दाबलं तर अर्धाच जोर मिळतो की एकदम सगळा, सोडल्यावर ती झटक्याने मंदावते की हळूहळू, यावर तुमचं पुढच्या कित्येक वर्षांचं सुख अवलंबून आहे. आणि मोबाइलच्या ॲपने सेकंद मोजण्याच्या फंदात पडू नका. बहुतेक फोनचं जीपीएस सेकंदाला एकदा जागा टिपतं. सेकंदाला एकदा बघणारा साक्षीदार ०.३ सेकंदांचा निकाल कसा देणार? मोजायचीच हौस असेल तर सेकंदाला किमान दहा नोंदी घेणारं वेगळं उपकरण मिळतं. ते घ्या, बंद ट्रॅकवर जा, एकाच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी पळवा आणि सरासरी काढा.

आईंचं मळमळणं या सगळ्यापेक्षा जास्त गंभीरपणे घ्या. त्यांना वेगाचा त्रास होत नसून बदलाचा होतो: अचानक ओढ, पेडल सोडताच अचानक रोध, पुन्हा ओढ. मागे बसलेल्याला तुमचा पाय दिसत नाही, म्हणून त्याचं शरीर तयार होत नाही. इलेक्ट्रिक गाडी नव्याने चालवणारे जवळजवळ सगळेच पेडल दिव्याच्या बटणासारखं वापरतात, एकतर चालू नाहीतर बंद. टेस्लाला चिल या सौम्य मोडवर टाका. आयोनिकमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने पुनर्भरण रोध (पेडल सोडल्यावर मोटर गाडीला मागे ओढून बॅटरी भरते तो) कमीत कमी पायरीवर आणा, आवाज बंद करा. पाय हळू उचलायची सवय लावा. यानंतर आईंना पुन्हा मागे बसवून अर्धा तास फिरवा. त्या अजूनही ‘दोन्हीत’ म्हणाल्या तर दोष गाडीचा नसून चालकाचा आहे, आणि तो आठवडाभरात सुधारतो.

आता निकाल, कारण तुम्ही मागितलाय. तुमच्या पत्रात लांबचे प्रवास नक्की आहेत आणि ट्रॅक ‘एकदा तरी’ आहे. २०२४ मध्ये आलेल्या मॉडेल ३ परफॉर्मन्सची डब्ल्यूएलटीपी या प्रमाणित चाचणीतली रेंज ५२८ किलोमीटर, आयोनिक ५ एनची ४४८. बॅटरी आयोनिकचीच मोठी, तरी पल्ला ८० किलोमीटरने कमी. उंच आकार, रुंद टायर आणि जड अंग यांची ती किंमत, आणि हायवेच्या वेगाला ती आणखी जाणवते. तेव्हा मी मॉडेल ३ सुचवेन. भाऊ जिंकला असं त्याला वाटेल. त्याला सांगा, गाडी बरोबर निवडलीस, कारण चुकीचं दिलंस.

दोन गोष्टींनी माझं मत बदलेल. एक, तुमच्या नेहमीच्या वाटेवर ३५० किलोवॅटचे चार्जर असतील. तिथे आयोनिक १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर १८ मिनिटांत जाते आणि कमी पल्ल्याची भरपाई चहाच्या आतच होते. दुसरं, ट्रॅकवरचा तो ‘एकदा’ झाल्यावर घरी येऊन तुम्ही पुढची तारीख शोधू लागलात. तसं होणाऱ्यांपैकी तुम्ही आहात का, हे गाडी घेण्याआधी कळायला हवं, तर आधी भाड्याच्या किंवा ट्रॅकच्याच गाडीत एक दिवस काढा. मग ठरवा.